मुक्त ज्ञानकोशातील सदिश चित्रे : रेषा, रंग आणि नाव

१

ज्ञानकोशातील चित्रांना समीक्षेच्या कक्षेत घेण्याची प्रथा मराठीत फारशी रूढ नाही. नोंदीच्या मजकुराची चिकित्सा होते. माहितीची यथार्थता, परिभाषेचा नेमकेपणा, विवेचनाचा क्रम यांविषयी मतभेद नोंदविले जातात. चित्र मात्र मजकुराचा निरुपद्रवी सोबती म्हणून स्वीकारले जाते. वस्तुतः हृदयाची आकृती काढून तिच्या एका भागापासून रेषा ओढली आणि रेषेच्या टोकाला नाव लिहिले, की वाचकापुढे एक विधान मांडले जाते : ‘हा भाग म्हणजे अमुक.’ हे विधान खरे किंवा खोटे असू शकते, नेमके किंवा संदिग्ध असू शकते. आणि ज्या भाषेत नाव लिहिले त्या भाषेच्या स्वभावानुसार त्याचा अर्थही थोडाबहुत बदलतो. अशा विधानाची परीक्षा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे, असे म्हणता येणार नाही.

या परीक्षेला आज एक विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेला विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ पासून मराठीतही आहे. त्याच्या सर्व भाषांतील आवृत्त्यांना चित्रे पुरविणारे विकिमीडिया कॉमन्स हे सामायिक भांडार ७ सप्टेंबर २००४ रोजी स्थापन झाले. या भांडारातील आकृत्या, नकाशे, ध्वज, यंत्रांचे छेद आणि शरीररचनेची चित्रे बहुतांशी स्वयंसेवकांनी विनामूल्य काढलेली आहेत. ती काढण्यासाठी व सुधारण्यासाठी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी आवृत्त्यांत चित्रांच्या ‘कार्यशाळा’ चालतात. कोणी एखादे अस्पष्ट किंवा सदोष चित्र तेथे मांडतो, दोष सांगतो. दुसरा कोणी ते हाती घेतो, नव्याने काढतो आणि सादर करतो. मागणी करणारा ते पाहून समाधान किंवा शंका नोंदवितो. या कामात ‘सुधारणा’ हा शब्द केंद्रस्थानी आहे. सुधारणा म्हणजे नेमके काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. रेषेच्या सुधारणेबाबत या स्वयंसेवकांनी जे साधले ते निःसंशय मोलाचे आहे. परंतु रेषा, रंग आणि नाव यांच्या परस्परसंबंधाचा विचार त्या मानाने मागे पडला असून त्याची झळ मराठीसारख्या भाषांना विशेष लागते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रथम या चित्रांचे स्वरूप पाहिले पाहिजे. संगणकावरील चित्र दोन प्रकारांनी साठविता येते. एका प्रकारात चित्राचे असंख्य बारीक चौकोन पाडून प्रत्येकाचा रंग नोंदविला जातो. छायाचित्र असे असते. ते मोठे करू गेल्यास चौकोन दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारात चित्राचे वर्णन साठविले जाते : अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत अमुक वळणाची रेषा, तिची जाडी इतकी, तिने वेढलेल्या भागाचा रंग असा. हे सदिश चित्र होय. ते कितीही मोठे केले तरी प्रत्येक वेळी वर्णनावरून नव्याने रेखाटले जात असल्यामुळे त्याची धार जात नाही. सदिश चित्रांच्या ‘एस.व्ही.जी.’ या खुल्या पद्धतीची पहिली आवृत्ती सप्टेंबर २००१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. २००३ मध्ये ‘इंकस्केप’ ही ती चित्रे काढण्याची मुक्त आज्ञावली निघाली आणि महागडी साधने नसलेल्यालाही हे काम शक्य झाले.

एस.व्ही.जी. चित्राचे एक वैशिष्ट्य भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हे चित्र मुळात मजकूर असते. ते साध्या लेखन-आज्ञावलीत उघडले तर त्यातील घटक एकाखाली एक लिहिलेले दिसतात. घटकांचे गट करता येतात, गटांना नावे देता येतात, आधी काय व नंतर काय हा क्रम ठरविता येतो. नंतरचा घटक आधीच्यावर पडतो. अशा चित्राला एक प्रकारची वाक्यरचना असते, असे म्हटले तर ती केवळ आलंकारिक भाषा ठरणार नाही. पेशीच्या आकृतीत केंद्रकाचा गट वेगळा, त्याच्या आवरणाचा वेगळा, नावांचा वेगळा असा ठेवला असेल, तर पुढे येणारा स्वयंसेवक नेमके तेवढेच बदलू शकतो. हा विवेक पाळलेला नसेल, तर चित्र दिसायला तेच असते, पण वाचायला दुर्बोध होते.

ही दुर्बोधता यांत्रिक अनुरेखनात स्पष्ट दिसते. जुन्या चौकोनी चित्राच्या कडा आज्ञावलीकडून आपोआप हेरून घेऊन त्यांचे सदिश चित्र बनविता येते. त्यात हजारो बिंदू निर्माण होतात. परंतु कोणता बिंदू कोणत्या अवयवाचा हे त्या चित्राला ठाऊक नसते. अक्षरेसुद्धा अक्षरे न राहता काळे आकार होतात. काही वेळा तर जुने चित्र जसेच्या तसे सदिश धारिकेच्या आत ठेवून दिले जाते. कॉमन्सवर अशा धारिकांना ‘खोटे एस.व्ही.जी.’ असा शेरा मारण्याची सोय आहे. हा शेरा मारणाऱ्यांना एक मूलभूत गोष्ट उमगली आहे : चित्राचा कस त्याच्या दिसण्याइतकाच त्याच्या रचनेच्या आकलनीयतेवर लागतो. लिपिकाराने न समजता केलेली पोथीची नक्कल आणि अर्थ जाणून केलेली नक्कल यांत जो भेद असतो, तोच येथे आहे.

३

कार्यशाळेतील सुधारणा ही बहुधा दृश्य दोषांची सुधारणा असते. रेषा फाटलेली, अक्षरे पुसट, रंग भडक, पार्श्वभूमी अनावश्यक, असे दोष डोळ्यांना दिसतात आणि विषयाचे ज्ञान नसलेल्यालाही दूर करता येतात. चित्रकाराला चित्रकला येते. विषय मागणी करणाऱ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत बरोबर असेल तेव्हा काम उत्तम होते. ते चुकले, तर मूळ चित्रातील प्रमाद अधिक सुरेख रेषेत पुढे जातो. पुसट चित्राकडे वाचक साशंकतेने पाहतो. धारदार चित्रावर विश्वास ठेवतो. म्हणून रेषेची सुधारणा ही अजाणता विधानाचे वजन वाढविते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

आशयाचा प्रश्न या व्यवस्थेने अगदीच दुर्लक्षिला आहे असे नाही. प्रत्येक धारिकेच्या जुन्या आवृत्त्या तारीखवार जपल्या जातात, त्यामुळे कोणी काय बदलले हे पाहता येते. किरकोळ सुधारणा मूळ धारिकेवरच चढवाव्यात, परंतु वादग्रस्त किंवा मोठा बदल असल्यास तो वेगळ्या नावाने ठेवावा, असा कॉमन्सचा दंडक आहे. दंडक शहाणपणाचा आहे. अडचण आहे ती ‘किरकोळ’ कशाला म्हणावे ही. भारताच्या राष्ट्रध्वजाचे उदाहरण घ्यावे. तीन आडवे पट्टे, लांबी-रुंदीचे ३ : २ हे प्रमाण, मध्ये चोवीस आऱ्यांचे चक्र : याहून सोपे सदिश चित्र शोधूनही सापडणार नाही. तरीही केशरी आणि हिरव्या रंगांची छटा कोणती, याविषयी या धारिकेबाबत वाद झाले. याचे कारण तांत्रिक वाटले तरी मुळात अर्थविषयक आहे. ध्वजाचे रंग ‘आय.एस. १’ या भारतीय मानकात निश्चित केलेले आहेत. १९६८ च्या आवृत्तीत ते वर्णमापनाच्या निर्देशांकांनी दिले आहेत आणि ते खादीच्या कापडासाठी आहेत. पडद्यावरील चित्र मात्र तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंगते. कापडावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण पडद्याच्या स्वयंप्रकाशी रंगात उतरविणे हे एक भाषांतर आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. ज्याने छटा ‘सुधारली’ त्याने वस्तुतः एका भाषांतराच्या जागी दुसरे भाषांतर ठेवले.

तात्पर्य, ज्ञानकोशीय चित्रात निव्वळ दृश्य अशी सुधारणा क्वचितच असते. रंग बदलला की विधान बदलते. हे ध्वजाच्या बाबतीत लगेच जाणवते, कारण त्यात भावना गुंतलेली असते. शरीररचनेच्या आकृतीत ते जाणवत नाही, आणि म्हणूनच तेथे अधिक सावधगिरी हवी.

४

नाव आणि रेषा यांच्या संबंधाला इतिहास आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. शरीररचनेच्या आकृत्यांत भागांवर आकडे किंवा अक्षरे घालून त्यांची यादी खाली वा बाजूला देण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा सुप्रसिद्ध शरीररचनाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ३६३ आकृत्या होत्या. त्या काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी बहुतेक ठिकाणी अवयवाचे नाव अवयवावरच, त्याच्या वळणाने लिहिले. आकड्याकडून यादीकडे आणि यादीकडून पुन्हा आकड्याकडे अशी विद्यार्थ्याच्या डोळ्याची येरझार त्यामुळे थांबली. त्याच वर्षी कार्टर मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे अध्यापन करू लागले, पुढे काही वर्षे सातारा येथे सिव्हिल सर्जन होते आणि नंतर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या आकृत्यांचा वारसा सांगणारी १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीतील चित्रे आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून कॉमन्सवर आहेत.

कार्टर यांनी नाव आणि आकार यांचा सांधा इतका घट्ट केला, की इंग्रजी नाव आकृतीचे अंगच बनले. अध्यापनाच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता; भाषांतराच्या दृष्टीने तो अडसर ठरला, कारण नाव खोडायचे तर आकृती खरवडावी लागे. सदिश चित्राने हा सांधा पुन्हा मोकळा केला. त्यात नाव हे अक्षररूपात, आकारापासून अलग राहू शकते. ते बदलले तरी रेषेला धक्का लागत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांच्या चिन्हविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे, तर आकार हे साम्यावर आधारलेले चिन्ह, निर्देशरेषा हे बोट दाखविणारे चिन्ह आणि नाव हे केवळ संकेताने अर्थ देणारे चिन्ह होय. तिन्ही एकत्र येतात तेव्हा विधान पुरे होते. सदिश चित्रात ही तिन्ही चिन्हे स्वतंत्रपणे हाताळता येतात, हे त्याचे खरे सामर्थ्य आहे.

हे सामर्थ्य व्यवहारात कितपत वापरले जाते? ‘लेडीऑफहॅट्स’ या नावाने काम करणाऱ्या मारियाना रुईझ व्हिलारेआल यांची प्राणिपेशीची २००६ सालची आकृती या दृष्टीने आदर्श मानता येईल. पेशीअंगके ठळक, त्यांचे रंग परस्परांपासून वेगळे, नावे बाहेरच्या मोकळ्या जागेत. आणि चित्र सार्वजनिक मालकीचे म्हणून सोडलेले. त्यामुळे त्याच्या अनेक भाषांत आवृत्त्या झाल्या आणि खुल्या पाठ्यपुस्तकांनीही या चित्रकर्तीची चित्रे घेतली. परंतु सर्वच चित्रे अशी नसतात. सर्व्हरवर मोजकेच मुक्त टंक उपलब्ध असतात. धारिकेत मागितलेला टंक तेथे नसेल तर दुसरा वापरला जातो आणि अक्षरांची रुंदी बदलून मांडणी बिघडते. हे टाळण्यासाठी काही स्वयंसेवक अक्षरांचे आकारांत रूपांतर करून टाकतात. चित्र सर्वत्र सारखे दिसते खरे. पण ते आता बदलता येत नाही, शोधता येत नाही, भाषांतरिता येत नाही. कॉमन्सच्या मार्गदर्शनात या सवयीविरुद्ध सल्ला आहे, आणि तो योग्यच आहे.

याहून सूक्ष्म अडथळे रचनेत दडलेले असतात. आकृतीच्या डावीकडील नाव जर डाव्या टोकापासून मोजून ठेवले असेल, तर मराठी नाव लांब झाल्यावर ते थेट आकृतीत घुसते. तेच नाव उजव्या टोकाला बांधले असते तर ते बाहेरच्या बाजूला वाढले असते. इंग्रजी नावाच्या दोन ओळी दोन स्वतंत्र तुकडे म्हणून लिहिल्या असतील, तर भाषांतरकारापुढे दोन अर्धवट पदे येतात. इंग्रजीत संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत प्रत्यय नामाला मागून लागतो. त्यामुळे ‘अमक्याचे मुख’ असे लिहायचे तर दोन्ही ओळींची अदलाबदल करावी लागते. प्रत्येक तुकड्यासमोर त्याचे भाषांतर लिहिणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय नागरी लिपीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार यांसाठी आणि अक्षराच्या खाली उकार व ऋकार यांसाठी जागा लागते. रोमन अक्षरांच्या बेताने ठेवलेल्या ओळी नागरीत एकमेकींना भिडतात. यांतील कोणताही दोष मूळ इंग्रजी चित्रात दिसत नाही. जो दोष दुसऱ्या भाषेत गेल्यावरच प्रकट होतो, त्याची मागणी इंग्रजी कार्यशाळेत कोण नोंदविणार?

५

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी मांडणीच्या आहेत. थोड्या काळजीने त्या दूर होतात. खरा प्रश्न उभा राहतो तो नाव आणि रंग एकमेकांना छेद देतात तेथे. मानवी हृदयाची आकृती हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे.

कॉमन्सवरील हृदयाच्या परिचित सदिश आकृतीत, आणि अशा बहुसंख्य आकृत्यांत, ऑक्सिजनयुक्त रक्ताचा मार्ग तांबडा व ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताचा मार्ग निळा दाखवितात. हा संकेत आहे. प्रत्यक्षात शरीरातील रक्त कोठेही निळे नसते, ऑक्सिजन कमी झाल्यावर ते गडद तांबडे होते. हृदयापासून शरीराकडे निघणाऱ्या वाहिन्या तांबड्या आणि शरीराकडून हृदयाकडे येणाऱ्या निळ्या, इथपर्यंत सर्व सुरळीत चालते. फुप्फुसांच्या बाबतीत क्रम उलटतो. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, म्हणून ती निळी. फुप्फुसाकडून परतणारी ऑक्सिजनयुक्त रक्त आणते, म्हणून ती तांबडी. रंग रक्ताची स्थिती सांगतो. नाव मात्र प्रवाहाची दिशा पाहून दिलेले असते.

इंग्रजी वाचकाला येथे फारशी ठेच लागत नाही. त्या भाषेतील दोन्ही संज्ञांत रंगाचा मागमूस नाही. मराठीची गोष्ट निराळी आहे. मराठी विश्वकोशाने हृदयापासून निघणाऱ्या वाहिनीस ‘रोहिणी’ व हृदयाकडे येणाऱ्या वाहिनीस ‘नीला’ या संज्ञा वापरल्या आहेत. ‘रोहिणी’ हे ‘रोहित’ म्हणजे तांबडा या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. ‘नीला’ म्हणजे निळी. आता हृदयाच्या आकृतीत इंग्रजी नावांच्या जागी या संज्ञा ठेवल्या, तर काय होते? ‘फुप्फुस-रोहिणी’, म्हणजे शब्दशः तांबडी, असे ज्या वाहिनीपुढे लिहावे लागते ती चित्रात निळी आहे. आणि ‘फुप्फुस-नीला’ असे जिच्यापुढे लिहायचे ती ठसठशीत तांबडी आहे. प्रत्येक नाव शास्त्रतः बरोबर, प्रत्येक रंग संकेततः बरोबर. आणि तरीही एकत्र आल्यावर चित्र स्वतःचेच खंडन करते. महारोहिणी तांबडी व ऊर्ध्व महानीला निळी पाहून विद्यार्थ्याने नाव आणि रंग यांचे नाते मनाशी जुळविलेले असते. नेमके तेच नाते फुप्फुसापाशी त्याला दगा देते.

यावर तीन उपाय संभवतात. पहिला, संज्ञाच बदलाव्यात. मराठीत ‘धमनी’ आणि ‘शीर’ ही जोडीही आहे व तिच्यात रंग नाही. तीत दुसरा जुना समज मात्र आहे : ‘धमनी’ ही ‘धम्’, फुंकणे, या धातूपासून आली असून वाहिन्यांतून वायू वाहतो या प्राचीन कल्पनेची ती खूण आहे. अर्थात ही व्युत्पत्ती आज कोणाला जाणवत नाही, त्यामुळे ती बाधतही नाही. ‘नीला’ मात्र ऐकताक्षणीच निळी वाटते. तथापि चित्राला सोयीची म्हणून संज्ञा निवडणे म्हणजे परिभाषेचा निर्णय दुसऱ्या देशात ठरलेल्या रंगसंकेताच्या स्वाधीन करणे होय. दुसरा उपाय, रंग बदलावेत आणि ते वाहिनीच्या प्रकारानुसार द्यावेत. असे केल्यास नाव व रंग जुळतील, पण रक्ताभिसरणाची शारीरक्रिया दाखविणे हे जे त्या आकृतीचे प्रयोजन, तेच हरपेल. तिसरा उपाय, दोन्ही तसेच ठेवून चित्रातच एक ओळ जोडावी : ‘रंग रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवितो, वाहिनीचा प्रकार नव्हे.’ शैक्षणिक दृष्ट्या हा उपाय सर्वांत सरस आहे, कारण तो विरोध लपवीत नाही, समजावून देतो.

परंतु नेमका हाच उपाय आजच्या भाषांतरपद्धतीत बसत नाही. चित्रांतील नावे भाषांतरित करण्यासाठी जे साधन कॉमन्सच्या स्वयंसेवकांना उपलब्ध आहे, ते मूळ धारिकेतील प्रत्येक मजकूर-तुकडा दाखविते आणि त्यापुढे दुसऱ्या भाषेतील प्रतिरूप लिहिण्यास रिकामी जागा देते. जितके तुकडे इंग्रजीत, तितकेच मराठीत. इंग्रजीला जी ओळ लागली नाही ती मराठीने लिहावी, अशी जागाच त्यात नाही. एका भाषेची वाक्ये मोजून दुसरीला तितकीच द्यावीत, असे मजकुराच्या भाषांतरात कोणी म्हणणार नाही. चित्रात मात्र ते विनातक्रार घडते. प्रस्तुत विषयाचे मर्म येथे आहे. रेषा, रंग आणि नाव यांपैकी रेषा व रंग यांना सार्वत्रिक मानले आणि नावाला तेवढे स्थानिक मानले, की भाषांतर म्हणजे पाट्या बदलणे होते. रोहिणी आणि नीला यांचे उदाहरण दाखविते, की रंगाचा अर्थही नावाच्या भाषेवर अवलंबून असतो.

६

दुसरा प्रश्न कोणते नाव लिहावे याचा. विश्वकोशाच्या निर्मितीत पहिला खंड १९७६ साली निघण्यापूर्वी, १९७३ मध्येच परिभाषासंग्रहाचा खंड प्रसिद्ध करण्यात आला होता. आधी संज्ञा ठरवाव्यात, मग नोंदी लिहाव्यात, हा त्यामागील क्रम. मुक्त ज्ञानकोशात हा क्रम नाही. आकृती समोर असते, रिकाम्या जागा असतात, आणि एकटा स्वयंसेवक एका बैठकीत दहा-पंधरा संज्ञांचा निर्णय करतो. त्याच्यापुढे पर्याय नसतात असे नाही. ते बहुधा एकाहून अधिक असतात. शालेय पाठ्यपुस्तके ‘पेशी’ आणि ‘केंद्रक’ म्हणतात. विश्वकोशाच्या नोंदींत ‘कोशिका’ आणि ‘प्रकल’ आढळतात. हृदयाच्या कप्प्यांना ‘अलिंद’ व ‘निलय’ ही नावे आहेत, तशी ‘कर्णिका’ व ‘जवनिका’ हीही आहेत. दोन्ही परंपरा समर्थनीय आहेत; परंतु एकाच आकृतीत ‘कोशिका’ आणि ‘केंद्रक’ शेजारी आले, तर वाचकाला कोणत्याच परंपरेचा आधार उरत नाही.

यात हिंदीच्या सान्निध्याने आणखी एक धोका वाढतो. लिपी समान असल्यामुळे हिंदी नावे असलेले चित्र मराठी नोंदीत ठेवले तरी ते परके दिसत नाही. आणि येथेच ‘पेशी’ हा शब्द सापळा ठरतो : हिंदीत आणि संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू, मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा मूलघटक, ज्याला हिंदी कोशिका म्हणते. स्नायूच्या हिंदी आकृतीतील ‘पेशी’ हा शब्द मराठी विद्यार्थ्याने अगदी बरोबर वाचला, तरी अर्थ सर्वस्वी चुकीचा घेतला जाईल. परक्या लिपीतील नाव निदान आपले परकेपण जाहीर करते. समान लिपीतील नाव ते झाकते.

२०१९ साली भारतीय भाषांतील स्वयंसेवकांनी अशा चित्रांतील नावांच्या भाषांतराची मोहीम हाती घेतली होती. तिचे महत्त्व केवळ किती चित्रे झाली यावरून मोजू नये. अनेक मराठी विद्यार्थ्यांची एखाद्या संज्ञेशी पहिली भेट चित्रातच होते, नोंदीच्या मजकुरात नव्हे. म्हणून रिकाम्या जागा भरणारा स्वयंसेवक नकळत परिभाषाकार झालेला असतो. त्याच्या कामाची दखल परिभाषेच्या अभ्यासकांनी अद्याप म्हणावी तशी घेतलेली नाही.

७

शेवटी एका व्यवस्थाविषयक प्रश्नाचा निर्णय करावा लागेल. एस.व्ही.जी. पद्धतीत एकाच धारिकेत अनेक भाषांची नावे साठविता येतात आणि वाचकाच्या भाषेप्रमाणे त्यांतील एक दाखविता येते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक भाषेसाठी वेगळी धारिका. पहिल्या मार्गाचा लाभ उघड आहे. आकृतीत एखादी चूक सापडून ती दुरुस्त झाली, की सर्व भाषांत एकदम दुरुस्त होते. वेगळ्या धारिकेच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. इंग्रजी चित्र सुधारत जाते आणि मराठी प्रत वर्षानुवर्षे जुन्या चुकीसह पडून राहते. ज्या भाषेत स्वयंसेवक थोडे, तिने ही जोखीम सहज पत्करू नये. मात्र सामायिक धारिकेत मराठीला स्वतःचा रंग, स्वतःची टीप, स्वतःचा क्रम मिळत नाही, हेही तितकेच खरे.

तथापि हा पेच दिसतो तितका अटळ नाही. भाषेनुसार पर्याय निवडण्याची जी सोय या पद्धतीत आहे ती केवळ अक्षरांपुरती नाही. आकारांच्या संपूर्ण गटालाही ती लागू पडते. म्हणजे मराठी वाचकापुरती रंगाची टीप किंवा वेगळी निर्देशरेषा त्याच सामायिक धारिकेत राहू शकते. मर्यादा आहे ती भाषांतराच्या साधनाची आणि त्यामागील ‘भाषा म्हणजे नावांची यादी’ या समजुतीची. जेथे फक्त नाव बदलते तेथे सामायिक धारिका, आणि जेथे नाव व चित्र यांचे नातेच बदलते तेथे त्या धारिकेत भाषेचा स्वतंत्र गट, अशी विभागणी केली तर दोन्ही लाभ साधतील. त्यासाठी धारिका हाताने लिहावी लागेल. पण ती मजकूरच असल्यामुळे हे काम चित्रकाराइतकेच भाषेच्या अभ्यासकालाही शक्य आहे.

या चित्रांच्या मूल्यमापनाचे निकषही त्यानुसार बदलावे लागतील. रेषेची धार, रंगांचा मेळ, मांडणीचा नीटनेटकेपणा हे गुण आवश्यकच आहेत आणि स्वयंसेवकांनी ते निरपेक्ष बुद्धीने जोपासले आहेत. त्यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. चित्राची रचना दुसऱ्याला वाचता येते काय? त्यातील नावे एका परिभाषा-परंपरेशी सुसंगत आहेत काय? आणि रेषा, रंग व नाव ही तिन्ही मिळून, ज्या भाषेत चित्र वाचले जाणार त्या भाषेत, एकच विधान करतात काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रकार देईल, दुसऱ्याचे विषयाचा जाणकार देईल. तिसऱ्याचे उत्तर देण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाची आहे. ती जबाबदारी त्याने टाळली, तर निळ्या रोहिणीपुढे गोंधळून थांबलेल्या विद्यार्थ्याला आपण चुकलो असेच वाटत राहील. चूक मात्र त्याची नसेल.